अपेक्षित उत्तराचा रकाना

घटक : सावली. इयत्ता : पाचवी. पट : सव्वीस.
छात्राध्यापिका : मैना आडे. वार्षिक पाठ, दुसरी आणि शेवटची संधी. यंदाही नापास झाली तर तिला शिक्षिका होता येणार नाही.

पूर्वज्ञान

पाठाचं टाचण म्हणजे उद्या वर्गात काय होणार, याचा कागद. डाव्या रकान्यात बाईंचा प्रश्न, उजव्यात मुलांचं अपेक्षित उत्तर. पिढ्यान्‌पिढ्या भावी शिक्षक उजवा रकाना अंदाजानं भरत आले आणि वर्गात मुलं भलतंच बोलत आली.

आता अंदाज उरला नव्हता. प्रत्येक मुलाचं चार वर्षांचं बोलणं, चुका, हात वर करण्याआधीची चुळबूळ साठवून यंत्र त्याची हुबेहूब नक्कल बांधायचं. अशा सव्वीस नकलांचा मिळून 'प्रतिवर्ग'. पाठ आदल्या दिवशी त्याच्यापुढं घ्यायचा. नकला उत्तरं देत, ती उजव्या रकान्यात आपोआप उतरत. खऱ्या वर्गात शंभरातली नव्वद जुळली की पाठ उत्तीर्ण. न जुळलेलं उत्तर म्हणजे 'विचलन'. त्याचा गुण शिक्षकाचा कापला जाई.

मैनानं प्रतिवर्ग उघडलाच नाही.

निरीक्षकाशी चर्चा (पाठापूर्वी)

प्रतिवर्ग बांधणाऱ्या डॉ. केळापुरे स्वतःच निरीक्षक होत्या.

"आडे, उजवा रकाना कोरा आहे."

"हो मॅडम."

"यंत्र बंद होतं?"

"चालू होतं. मीच गेले नाही."

"मागच्या वर्षीची खुन्नस काढताय?"

"मागच्या वर्षी सत्त्याऐंशी जुळली. उरलेल्या तेरांमुळंच तो तास माझ्या लक्षात आहे."

केळापुऱ्यांनी चष्मा काढला. "नवा डॉक्टर आधी पुतळ्यावर टाके घालायला शिकतो. तुम्ही लोक मात्र जिवंत मुलांवर हात साफ करत होतात. माझ्या मुलाच्या वर्गात वर्षभर असे नवशिके येत राहिले. त्याला अजून भागाकार येत नाही. म्हणून मी हे बांधलं."

हे खोटं नव्हतं.

"मला शिकायला प्रतिवर्ग आहे, मॅडम. मुलांना शिकायला काय आहे?"

"तुम्ही आहात ना."

"मग मला न बघितलेलं एखादं उत्तर ऐकू द्या."

"नापास व्हाल."

"शेरा लिहायला जागा आहे. अख्खा रकाना मोकळा आहे."

शिक्षक कृती

"भर दुपारी आपली सावली कुठं जाते?" मैनानं विचारलं.

विद्यार्थी कृती

सव्वीस माना खाली गेल्या.

मुलांची भीड मोडावी म्हणून प्रत्येकाच्या नकलेचं उत्तर पाठाआधीच त्याच्या पाटीच्या पडद्यावर पोचत असे. ही सोय कुठल्याच टाचणात लिहिलेली नसे. प्रतिवर्गच उघडला नव्हता, म्हणून आज पाट्या कोऱ्या होत्या.

मैनानं केळापुऱ्यांकडं पाहिलं. त्या वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

दुसऱ्या बाकावरची अल्फिया उभी राहिली. "बाई, माझं उत्तर आलंच नाही."

"माझ्याकडंही नाही," मैना म्हणाली.

"मग कुणाकडंय?"

मागच्या बाकावर एक मुलगा रडायला लागला.

"आडे, पाठ थांबवा," केळापुरे म्हणाल्या. "मुलं घाबरलीत."

"तासाची एकवीस मिनिटं शिल्लक आहेत, मॅडम. तेवढी माझी आहेत." मैना रडणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथूनच तोच प्रश्न पुन्हा विचारला.

अल्फिया अजून उभीच होती. "बाई, चुकलं तर कुणाचं चुकेल?"

"तुझं."

"तुमचे गुण नाही कापणार?"

"माझे कापून झालेत. चूक तुझी एकटीची."

अल्फियानं यावर विचार केला. मग पाटी पालथी घातली आणि हात वर केला.

उरलेल्या पंचवीस मुलांनी तिच्या हाताकडं पाहिलं आणि आता आपण काय करायचं असतं, हे बघायला ती पुन्हा आपापल्या पाट्यांवर वाकली.

अपेक्षित उत्तर :