पहिल्या हाकेला

बसा. दार उघडंच राहू द्या, बंद दाराला ते जुमानत नाही.

मी रंभाबाई. नेपानगरच्या कारखान्यात नवरा कागद करायचा आणि मी त्याच कागदाच्या रद्दीवर एकटीने वाचायला शिकले. तेव्हा मला अडाणी म्हातारी समजू नका. तो गेल्यावर इथे, तापीकाठी, केळीच्या बागेत घर बांधलं. वैशाखात घरी पंगत होती म्हणून भर दुपारी नातीला, तृप्तीला, घेऊन पानं कापायला बागेत शिरले. एवढंच काम होतं.

तृप्ती मोठ्या शहरात विमानांना वाट देते. तिथे एकामागून एक विमानं उडतात. उडालेला पायलट हिला हाक मारतो, ही उंची सांगते, तो तेच शब्द परत म्हणून दाखवतो. म्हटले की तो त्या शब्दांना बांधला गेला. पण त्या महिन्यात, ऐन गर्दीत, कुणीतरी इंग्रजीत विचारलं, 'निघालोय. वर येऊ का?' हिने सवयीने, नावही न विचारता, 'या' म्हटलं. पडद्यावर तसं विमानच नव्हतं. उत्तर आपल्यालाच आहे असं समजून एक खरं विमान वर चढलं आणि दुसऱ्याच्या पोटाखालून निसटलं. माणसं वाचली. चौकशीत रेकॉर्डिंग लावलं, तर त्यात हिची ओ होती. हाक नव्हती. हिला रजेवर धाडलं.

"आपल्यात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत," मी पानाला विळा लावत म्हटलं. "तीनदा ऐकावं. जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही. एवढं शिकलीस आणि हेच विसरलीस."

"आजी, तिथे तीन हाका कोण मोजत बसणार? तोवर लोक मरतील ना. सोमवारी परत बसायचंय मला. तो आवाज पुन्हा आला तर?"

"तर खुर्ची सोड, केळी विक."

"तू भाव करू देशील तर ना."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. वरून एक विमान गेलं, त्याची घरघर विरली आणि बागेतला वारा पडला. चिकाच्या वासात तापलेल्या तारेचा वास मिसळला. मग खोडांच्या मधून, अगदी जमिनीलगत, खरखर झाली आणि एक पुरुष शांतपणे, आमच्याच बोलीत म्हणाला,

"निघालोय... वर येऊ का?"

तृप्तीचे ओठ उघडले. मी चिकाने माखलेला तळहात तिच्या तोंडावर दाबला.

"निघालोय..." आता जवळून.

मनात म्हटलं, झालं, आता गप्प बसेल.

तिसरी हाक माझ्या पाठीमागून आली.

आईने शिकवलेलं तिथे संपलं. तृप्ती माझ्या हाताखाली रडत होती, आणि रडतारडता उत्तर द्यायला धडपडत होती. तिने आणखी एकदा 'या' म्हटलं असतं तर त्या खुर्चीत ती उभ्या जन्मात बसली नसती. म्हणून मीच बोलले.

"नाही. आहेस तिथंच थांब."

खरखर झाली.

"आहे तिथंच थांबतो..." तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "रंभाबाई."

सोमवारी तृप्ती कामावर गेली. तो आवाज तिला पुन्हा आला नाही. मला येतो. रोज दुपारी तो 'थांबलोय' म्हणतो, मी 'थांब' म्हणते. सारी बाग वाऱ्याने फडफडते, तो थांबलाय तेवढ्या जागेची पानं हलत नाहीत. सिंधीपुऱ्यात पुतणीचं लग्न झालं, मी गेले नाही. ओ कुणी द्यायची?

परवा फोनवर तृप्तीला विचारलं, "का गं, विमानाला किती वेळ थांबवता येतं?"

"तेल आहे तोवर, आजी."

"आणि मग?"

"मग तो परवानगी मागत नाही. निघतो. क्यों पूछ रही है तू?"

"सहज," म्हटलं.

आज दुपारपासून कान लावून बसलेय. तो काही बोललेला नाही. वारा तर कधीचाच पडलाय.

ती बघा, त्या जागेची पानं हलताहेत.