कुकरचं झाकण

रॅकवर एकच छोटा कुकर उरला होता. मी दांडा धरला... आणि त्याच क्षणी कुणीतरी झाकण धरलं.

“मी आधी पाहिला!” मी चक्क मराठीतच ओरडले.

“पाहिलात तुम्ही, पण धरला मी,” उत्तरही मराठीतच आलं. “आणि मला खरंच हवाय हो. ऑस्ट्रेलियात कॅम्पिंगला चाललोय. शिरीष म्हणून मित्र आहे, त्याची बायको सुलेखा आणि तिची कुणी मैत्रीण. तिला म्हणे वरण-भाताशिवाय झोप येत नाही.”

“ती मैत्रीण मी — चैत्राली!”

तो कानापर्यंत लाल झाला. सिंगापूरच्या लिटिल इंडियातल्या त्या चोवीस तास उघड्या दुकानाबाहेर पाऊस नुसता कोसळत होता. निघायची घाई दोघांनाही नव्हती.

“मग एकच घेऊ,” तो म्हणाला. “परत आल्यावर भांडं माझं, झाकण तुमचं.”

“आणि स्वयंपाक कसा करायचा?”

“एकत्र... नाइलाज आहे.”

हा रत्नदीप. नागपूरचा, इथल्या एका लॅबमध्ये संशोधक. तो राहायचा चोआ चू कांगला, मी पुंगोलला, म्हणजे बेटाची दोन टोकं. तरी तयारीच्या नावाखाली आम्ही इतक्यांदा भेटलो, की सुलेखा म्हणाली, “तंबूला इतकी तयारी लागत नाही गं!”

एकच काळजी होती. त्याचं लॅबमधलं काम संपत आलं होतं. नवी नोकरी मिळाली होती, पण इथे काम करायचा सरकारी पास अजून मंजूर व्हायचा होता. नाकारला गेला, तर महिन्याभरात सिंगापूर सोडायचं. तो दर तासाला मेल बघायचा आणि मीही मनातल्या मनात बघायचे.

पर्थहून निघाल्याच्या दुसऱ्या दुपारी आम्ही शेवटचा पेट्रोल पंप सोडला. गाडी तो चालवत होता, नकाशासाठी त्याचा फोन माझ्या मांडीवर होता. मागे शिरीष-सुलेखा पेंगत होते. तेवढ्यात स्क्रीनवर मेलची पहिली ओळ उमटली. अर्ज नामंजूर.

“काही आलं का?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

का म्हणाले? दोन दिवस हवे होते मला. फक्त दोन. पुढे नेटवर्क नव्हतंच. मी फोन बंद करून माझ्या सॅकच्या तळाशी खुपसला. “नदीवर फोन नको हं कुणाचा.”

नदी कसली, रुंद वाळूच ती! मधे एक हिरवट डोह, काठावर पांढऱ्या बुंध्यांची झाडं आणि त्यांवर पांढऱ्या पोपटांचा कलकलाट. आभाळ दोन्ही दिवस भरून होतं, पण थेंब पडला नाही. रत्नदीपने तंबू ठोकला, वरण-भात लावला आणि शिट्टी झाल्यावर लहान मुलासारखा हसला. मी मात्र ताटातला भात नुसता चिवडत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा मग माझ्या हातात देताना त्याची बोटं जराशी रेंगाळली...

“एक सांगायचंय तुला,” तो म्हणाला. “पण पास आला की मगच.”

“आत्ता सांग ना.”

“तसं नको. पुंगोलकडे घर बघणार आहे मी. तुझ्या स्टेशनाजवळ. मग सांगेन.”

आता मला राहवलं नाही. मी सॅकमधून त्याचा फोन काढून दिला आणि सगळं सांगून टाकलं.

त्याने फोन खिशात टाकला. “म्हणजे दोन दिवस मी स्वप्नं रंगवत होतो,” तो हळूच म्हणाला, “आणि तू... बघत होतीस?”

परतीच्या सबंध वाटेवर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मागच्या सीटवर बसला. चूक माझीच होती.

पुंगोलला मी तंबू धुऊन खिडकीबाहेरच्या कपडे वाळवायच्या बांबूंवर वाळत टाकला. पावसामुळे तो चार दिवस वाळेना. तीन आठवडे मी एकटीने पोळी-भाजी खाल्ली, पण कुकरला हात लावला नाही.

मग एका रविवारी तो दारात उभा राहिला. भिजलेला, पाठीवर बॅग.

“विमान आहे संध्याकाळी. माझं भांडं न्यायला आलोय.”

मी अख्खा कुकर पुढे केला. त्याने भांडं काढून घेतलं आणि झाकण माझ्या हातात परत दिलं.

“हे तुझं. ठरलं होतं ना?”

“नुसत्या झाकणाचं मी काय करू?”

“आणि मी नुसत्या भांड्याचं?” तो म्हणाला. मग खाली बघत — “पास आला तरच सांगणार होतो... नाही आला. तरी सांगतो. तू मला फार आवडतेस, चैत्राली.”

“राग गेला?”

“नाही गेला. नागपूरला ये आणि काढ.”

त्याची एलआरटी ट्रेन पावसात दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीत उभी होते. झाकणाच्या रिंगमध्ये अजून नदीची वाळू होती. मी ते पोटाशी धरलं आणि भोकाड पसरलं. मग डोळे पुसून माझ्या मावशीला फोन लावला, तीही नागपूरलाच राहते.

“मावशी,” मी म्हणाले, “दिवाळीला मी तुमच्याकडे येतेय.”