हाकेला न उठणारी रांग

“अकराला दोन मिनिटं कमी! खाली वाका, खाली वाका!” सुरज कुजबुजला. म्हणजे तो त्याच्या मते कुजबुजला. मैदानात झोपलेलं कुत्रं मात्र दचकून उठलं.

“तूच वाक आधी!” प्रियदर्शनीनं त्याला खाली ओढलं.

उज्ज्वलानं कंप्युटर लॅबच्या खिडकीच्या गजांना नाक लावलं होतं. आत सहा-सहाच्या दोन रांगांत बारा कंप्युटर झोपले होते. दिवाळीची सुट्टी होती, शाळेत चिटपाखरू नव्हतं, आणि तरीही ते आता आपोआप जागे होणार होते. लॅबच्या कोपऱ्यातला मोठा कंप्युटर कायम चालू असायचा. रोज सकाळी अकराला त्याला बीडच्या केंद्रातून हुकूम यायचा आणि मग तो बाकीच्या बाराजणांना एकेक करून हाक मारून उठवायचा. बाराही उठले की बीडची माणसं तिथूनच त्यांत परीक्षेचं सॉफ्टवेअर घालणार होती. रविवारपर्यंत हे जमलं, तरच शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन परीक्षेचं केंद्र श्री धुळाजीबाबा विद्यालयाला मिळणार होतं.

अकरा वाजले. पहिल्या रांगेतले सहा पडदे पटापट उजळले. दुसरी रांग मात्र ढिम्म!

“आजबी तसंच,” उज्ज्वला म्हणाली आणि तिचा आवाज फाटला.

ती उगाच रडणारी मुलगी नव्हती. पण तिची आई रतनबाई या शाळेत झाडलोट करायची, आणि मुख्याध्यापक शिवशंकर सरांनी चार दिवसांपूर्वी लॅबच्या दारातूनच निकाल देऊन टाकला होता: “ही बाई झाडताना वायरी ओढते!” मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. काही बिघडलं की आधी झाडू कोणाच्या हातात आहे ते बघायचं! सरांनी एका कागदावर ‘माझ्या चुकीमुळे’ असं लिहून रतनबाईची सही घेतली. रविवारपर्यंत दुसरी रांग उठली नाही, तर सोमवारपासून कामाला यायचं नाही.

उज्ज्वलाचे वडील बंकट दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीकाठी जात, ते थेट उन्हाळ्यात परतत. मायलेकी गावात राहत त्या फक्त रतनबाईच्या या नोकरीमुळे. नोकरी गेली, तर सोमवारी तिघांनाही मेंढरांमागं जावं लागणार होतं. मग उज्ज्वलाची आठवी संपलीच म्हणायची.

“आज शुक्रवार,” प्रियदर्शनी म्हणाली. ती संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांची नात. शिकायला लातूरला होती, पण सुट्टीत या दोघांशिवाय तिचं पान हलत नसे. “दोन दिवस आहेत. आपणच शोधू या!”

“चावी मायकडं हाय,” उज्ज्वलानं डोळे पुसले. “ती पाण्याला गेली की आणते.”

सुरजच्या वडिलांचं स्टँडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे आपण अर्धे इंजिनिअर आहोत असं त्याला वाटे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आत शिरल्याबरोबर तो दुसऱ्या रांगेच्या मागं सरपटत घुसला.

“ए, हिकडं या! वायरीच्या तोंडाशी ह्यो हिरवा दिवा बघा. कंप्युटर झोपला तरी ह्यो जागाच ऱ्हातो. वायर निघाली असती तर ह्यो कवाच विझला असता!”

उज्ज्वलानं कंप्युटरचा एकेक डबा मागून पाहिला. सहाच्या सहा हिरवे दिवे लुकलुकत होते.

“म्हंजी मायनं एकबी वायर ओढली न्हाई!”

“एकबी न्हाई!”

ती तशीच धावत सरांच्या घरी गेली. सर झोपाळ्यावर बसून चिवडा खात होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि हात झटकले.

“दिवेबिवे मला शिकवू नकोस. तुझ्या आईनं सही केली आहे ना? मग संपलं. आणि सुट्टीत लॅब कोणाला विचारून उघडली?”

उज्ज्वला परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. “ते म्हणले, सही केली म्हंजी संपलं.”

“बरं, पुढं बघू!” सुरज म्हणाला. “दुसरं कारण हे आसू शकतं. दिवा जागा हाय, पण हाक आली की उठायचं, ही परवानगीच कंप्युटरला न्हाई. आतमंदी एक खूण करावी लागती.” त्यानं दुसऱ्या रांगेतला पहिला, म्हणजे सात नंबरचा कंप्युटर सुरू केला. “आरे वा! हितं पासवर्डच न्हाई! पयल्या रांगेला तर हाय. बरं झालं, काम सोपं झालं.”

सहाही कंप्युटरांत परवानगीची खूण नव्हती. त्यानं ती केली, दोनदा तपासली आणि सगळ्यांना पुन्हा झोपवलं. “उद्या अकराला बघाच! न्हाई उठले तर मिशी उतरवीन!”

“आहे कुठे मिशी?” प्रियदर्शनी म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच उज्ज्वला हसली.

शनिवारी अकराला पहिली रांग उठली. दुसरी उठली नाही. मिशीची आठवण कोणी काढली नाही.

घरी रतनबाई भांडी पोत्यात भरत होती. उज्ज्वलाला ते बघवेना. ती वडिलांची भाकरी घेऊन तळ्यावर गेली. तिथं धुळाजी नावाच्या दुसऱ्या मेंढपाळाचा कळपही पाण्यावर आला होता आणि दोन्ही कळप पार मिसळून गेले होते. बंकटनं जीभ टाळूला लावून आपली ती ठरलेली हाक घातली. त्याची मेंढरं माना वर करून त्याच्याकडं निघाली. त्यांच्यातच उभी असलेली एक काळी मेंढी मात्र जागची हलली नाही.

“आबा, ती बघा. ऐकूच न्हाई गेलं वाटतं तिला!”

“ऐकू गेलं की! पर ती आपली न्हाई,” बंकट म्हणाला. “जिला आपली हाक ठावं न्हाई, ती कावून यील? कान बघ तिचा. खूण धुळाजीची हाय.”

उज्ज्वलाच्या हातातलं भाकरीचं फडकं तिथंच राहिलं. ती पळत सुटली ती थेट सुरजच्या दुकानात. प्रियदर्शनी तिथंच बसली होती.

“सुरज! ती हाक कोणाला मारत्यात? नावानं मारत्यात का सगळ्यांना एकच?”

“थांब, इचारू,” सुरज म्हणाला. त्यानं लॅबच्या भिंतीवरून टिपलेला बीडच्या केंद्राचा नंबर लावला. तिथल्या इंजिनिअर वनमाला मॅडमनी फोन उचलला.

“प्रत्येक कंप्युटरचा स्वतःचा नंबर असतो, बारा आकडे-अक्षरांचा. कारखान्यातूनच येतो,” त्या म्हणाल्या. “लॅब बसवली तेव्हा आम्ही यादी केली. हाक जाते ती त्याच नंबरांना. दुसऱ्या कोणी ऐकली तरी तो उठणार नाही.”

“मग तुमी यादी वाचता का, मॅडम? आमी हितं ताडून बघतो.”

“वाचते की! मला आधी कोणी विचारलंच नाही. तुमच्या सरांनी सांगितलं, बाई वायरी ओढते.”

चावी आली, लॅब उघडली. मॅडम एकेक नंबर वाचत गेल्या, प्रियदर्शनी लिहून घेत गेली आणि सुरज डब्यामागच्या स्टिकरवरचा नंबर बघत गेला. पहिल्या रांगेतले सहाही तंतोतंत जुळले.

“सातवा. शेवटची चार अक्षरं सात-ए-नऊ-सी.”

“न्हाई.” सुरजनं ओठ चावले. “आठवाबी न्हाई... नववाबी न्हाई...”

बारापर्यंत एकही जुळला नाही.

“हे आपले न्हाईतच!” उज्ज्वला ओरडली. “दुसऱ्याच्या कळपातले हायत! म्हणून पासवर्ड न्हाई, म्हणून परवानगी न्हाई! मग आपले सहा कुटं गेले?”

सुरजनं खांदे उडवले. प्रियदर्शनी मात्र नखं कुरतडत होती.

“मला माहीत आहे,” ती शेवटी म्हणाली. “दिवाळीआधी सत्यमकाकांनी घाटनांदूरला कंप्युटर क्लास काढला. उद्घाटनाला खोली भरलेली दिसावी म्हणून दोन दिवसांसाठी शाळेतले सहा नेले होते. मी टेम्पो बघितला होता. सरांनीच दिले.”

“सत्यमकाका तुझा सख्खा काका हाय,” उज्ज्वला म्हणाली. “तू आमच्यासंगं न्हाई आलीस तरी चालंल.”

“मी येणार!” प्रियदर्शनी ताडकन उठली. “माझ्याशिवाय तुम्हाला आत कोण घेईल?”

पाच वाजता तिघं घाटनांदूरच्या क्लासमध्ये होती. सत्यमकाका खुर्चीत गोल गोल फिरत होते. सुरजनं मोबाइल काढला.

“काका, बोर्ड लई भारी हाय! बोर्डाखाली तुमचा एक फोटो काढू?”

काका खूश! कंगवा काढून ते बाहेर गेले. सुरजनं त्यांना आधी डावीकडं वळवलं, मग उजवीकडं, मग “गॉगल लावून एक!” तोवर आत दोघी मुली एकेका डब्याचा नंबर यादीशी ताडून बघत होत्या. दारापासून पहिलाच कंप्युटर: सात-ए-नऊ-सी! त्याच्यापुढचे पाचही यादीतलेच निघाले.

“काका, दिवाळी आहे,” काका आत येताच प्रियदर्शनी लाडात म्हणाली, “गेम खेळायला यातला एक न्या म्हणा ना!”

“एक कावून? दोन न्या!” काकांनी डब्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी प्रियदर्शनीनं “गंमत बघायला चला” म्हणून आजोबांना लॅबमध्ये आणलं. अध्यक्ष निघाले म्हटल्यावर शिवशंकर सर इस्त्रीचा शर्ट घालून धावत आले. सात नंबरच्या जागी घाटनांदूरचा डबा बसवलेला होता. वायर तीच, टेबल तेच. फोनवर वनमाला मॅडम होत्या.

अकरा वाजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि सातव्याचा पडदा झगझगीत उजळला! पुढचे पाच काळेच राहिले.

“उठला!” सुरजनं उडी मारली.

“मी म्हणत नव्हतो?” सर लगेच म्हणाले. “वायर नीट बसवली की—”

“वायर तीच हाय, सर!” उज्ज्वला पुढं झाली. “कंप्युटर बदललाय. जो यादीतला हाय, तो हाकेला उठला. बाकीचे पाच आपले न्हाईतच, ते कसे उठतील? माझ्या मायनं काय बी ओढलं न्हाई!”

“बरोबर आहे तिचं,” फोनमधून मॅडम म्हणाल्या.

अर्जुनरावांच्या भुवया वर गेल्या. “मग हा डबा आणला कुठून?”

“सत्यमकाकांच्या क्लासमधून, आजोबा,” प्रियदर्शनी म्हणाली. “आपले बाकीचे पाचही तिथेच आहेत.”

सरांचा चेहरा पार उतरला. उद्घाटनाला डबे दिले होते त्यांनीच. परत आले तेव्हा टेम्पोकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सत्यमकाकांना बोलावणं गेलं, आणि ते हसतच आले.

“इकडचे तिकडं झाले आसतील, बाबा. माझे डबे आलते इकडं, सगळे काळेच! त्यात काय एवढं?”

“त्यात माझी माय कामावरून चाललीय,” उज्ज्वला म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं बघितलं, जणू ही मुलगी खोलीत आहे हे त्यांना आत्ताच कळलं.

चारला टेम्पो आला. पाचला मॅडमनी पुन्हा हाक दिली आणि बाराच्या बारा पडदे उजळले. परीक्षेचं केंद्र शाळेला मिळालं! सहाला हॉलमध्ये सत्काराच्या खुर्च्या मांडल्यासुद्धा. पेढे आले, नारळ आले. रतनबाईला कोणीतरी बोलावून आणलं होतं. ती दाराशीच उभी राहिली.

“या पोरांनी शाळेची अब्रू राखली!” अर्जुनराव माइकवरून म्हणाले. “यंत्रात थोडी तांत्रिक अडचण होती. ती यांनी हुडकून काढली. रतनबाई, तुमीबी उद्यापास्नं कामावर या. झालं गेलं इसरून जा! उज्ज्वला, बोल बाळ दोन शब्द.”

उज्ज्वलानं माइक हातात घेतला.

“तांत्रिक अडचण नव्हती,” ती म्हणाली. “डबे सरांनी दिले, काकांनी बदलले आणि सही माझ्या मायकडून घेतली. सर, तो कागद फाडा. आन् माझ्या मायची माफी मागा.”

सर घड्याळ बघू लागले. रतनबाईनं पदर तोंडाशी धरला.

मग अर्जुनराव मोठ्यानं हसले. “पोर लई धीट हाय! वाघीण हाय वाघीण!” त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सरांनी घाईघाईनं वाजवल्या, सत्यमकाकांनी वाजवल्या, सगळ्या हॉलनं वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा माइक दुसऱ्याच्या हातात होता आणि पेढे वाटणं सुरू झालं होतं. फक्त सुरज आणि प्रियदर्शनी, या दोघांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

घरी जाताना उज्ज्वला रस्त्यात थांबली.

“उद्या तू जायचं न्हाई, माय. त्यांनी माफीबी मागितली न्हाई. कागदबी फाडला न्हाई!”

“न्हाई फाडला. फाडणारबी न्हाईत.”

“मग कावून जायलीस तिथं झाडायला?”

रतनबाईनं लेकीच्या सत्काराचा नारळ आपल्या कडेला घेतला आणि चालू लागली.

“तू आठवीत हाईस म्हणून,” ती म्हणाली. “चल, आबाची भाकरी बांधायची हाय. पहाटं तो एकटाच निघंल.”