साहेबांच्या मापाचं कपाट

"पहिलं जास्त स्पष्ट दिसतंय... की दुसरं?"

"दुसरं. नाही — थांबा. परत एकदा पहिलं दाखवा."

तिने चौथ्यांदा काच बदलली. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि हाच एक प्रश्न विचारायचा, हे तिचं काम. पण इतका वेळ खाणारं गिऱ्हाईक तिने आजवर पाहिलं नव्हतं. माणूस खुर्चीत मावत नव्हता इतका उंच, आणि त्याच्या शर्टाला ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता.

"अक्षरं तीच आहेत हो," ती म्हणाली. "एव्हाना पाठ झाली असतील."

"अक्षरं झाली पाठ. तुमचा आवाज बरा वाटतोय, म्हणून विचारून घेतोय."

अंधारात लाजलेलं कुणाला दिसत नाही, हा त्या खोलीचा मोठाच फायदा.

तो सुतार होता. स्वयंपाकघरातली लाकडी कपाटं करायचा. टेपवरची बारीक रेघ दिसली नाही आणि अख्खी फळी वाया गेली, तेव्हा त्याच्या ताईने त्याला जवळजवळ कान धरूनच इकडे धाडलं होतं. चष्मा घेऊन तो निघाला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मला करून घ्यायची आहेत... कपाटं."

तसं काही ठरलं नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. स्वयंपाकघरातली पत्र्याची कपाटं गंजली होती आणि दार उघडलं की किंचाळायची. घरात आवाज करणारं तेवढंच उरलं होतं.

रविवारी तो माप घ्यायला आला. त्याची रीत जगावेगळी होती. भिंती नंतर मोजायच्या, आधी माणसं मोजायची. एक लांब लाकडी पट्टी भिंतीला टेकवून तो म्हणाला, "इथे उभ्या राहा. हात वर करा. ओढून ताणून नाही, सहज जाईल तेवढाच." तिचं कोपर कुठे येतं, हात कुठवर पोचतो, तिथे त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. ओटा कोपराच्या खाली वीतभर हवा म्हणे, नाहीतर पाठ धरते.

"स्वयंपाक कोण कोण करणार?" त्याने विचारलं.

साधा प्रश्न. पण 'एकटीच' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव उगवते, त्या कीवेचा तिला वीट आला होता. आणि या चेहऱ्यावर तर ती मुळीच नको होती.

"आम्ही... दोघं," ती म्हणाली.

पेन्सिल जरा थांबली. "बरं. मग साहेबांचंही माप लागेल."

"ते फिरतीवर असतात."

"उंची?"

ती गडबडली. डोळ्यांसमोर होता तोच माणूस सुचला. "असतील... तुमच्याएवढे."

त्याने मुकाट्याने स्वतःचा हात वर केला आणि वरच्या कप्प्यांची खूण तिथे केली. अशा रीतीने त्या घरात साहेब राहायला आले.

एकदा आलेला पाहुणा लवकर हलत नाही, आणि हा तर खाऊन-पिऊन सुखी होता. सांगाडे उभे राहिले, कप्पे बसले, दारं लागली. ती दुकानातून परतली की दोघं चहा प्यायची. तो लाकडाच्या गमती सांगायचा, ती गिऱ्हाइकांच्या. हसता हसता मध्येच तो गंभीर व्हायचा आणि कप खाली ठेवायचा. "साहेबांचा फोन आला होता का?" ती काहीतरी ठोकून द्यायची. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता महिना होत आला.

मग रंगाची वेळ आली. त्याने तीन फळ्या आणून ओट्यावर उभ्या केल्या. एकीला नुसतं तेल पाजलेलं, एक काळपट गडद, एक आरशासारखी चकचकीत.

"आत्ता काही बोलू नका," त्याने बजावलं. "चार दिवस राहू द्या इथेच. सकाळी बघा, दिवा लावून बघा. ज्या उजेडात रोज भाजी चिरणार, त्या उजेडात आवडली पाहिजे."

चार दिवसांनी तो आला, तेव्हा ती तेलाच्या फळीवरून बोट फिरवत होती. मधासारखा रंग, आणि लाकडाच्या रेषा जशाच्या तशा.

"मग ठरलं," तो खूश झाला. "हात बरोब्बर तिथेच गेलाय. साहेबांना दाखवली?"

आता साहेबांना मत नको? महिनाभर तिने त्यांना उंची दिली होती, नोकरी दिली होती, मधूनच सर्दीसुद्धा दिली होती. घाईघाईत तिने आवडही देऊन टाकली. "त्यांना... गडद आवडतो."

"आणि तुम्हाला?"

"मला काय, काहीही चालतं."

"समजूत काढा ना त्यांची."

"ते ऐकत नाहीत कुणाचं."

"असला कसला—" तो म्हणाला, आणि त्याने ओठ मिटून घेतले. फळ्या काखेत मारून तो निघाला.

त्यानंतर तो आलाच नाही. शनिवारी तिला सुट्टी होती; दारात त्याच्या ताई उभ्या. हातात रंगाचा डबा आणि चिंध्यांची पिशवी. "शेवटचा हात मीच मारते," त्या म्हणाल्या. "तो येणार नाही. म्हणतो, दुसऱ्याच्या घरात फार रमू नये माणसाने."

ताईंनी झाकण उघडलं. आत शाईसारखा काळा रंग. चिंधी बुडवता बुडवता त्या म्हणाल्या, "पक्कं आहे ना? लाकडाने हा एकदा पिऊन घेतला की काढता येत नाही."

तिच्या डोळ्यांसमोर पुढची सगळी वर्षं उभी राहिली. जन्मालाच न आलेल्या माणसाच्या आवडीचं काळं स्वयंपाकघर, आणि त्यात ती एकटी, एका माणसाची भांडी विसळत.

"ताई, नको! रंग लावू नका."

"का गं? साहेबांनी मन बदललं?"

"साहेब नाहीत."

"फिरतीवर?"

"नाही... कुठेच नाहीत. कधीच नव्हते."

ताईंनी चिंधी डब्यात टाकली आणि स्टुलावर बसकण मारली. मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये! आणि आमचा वेडा तिकडे जेवत नाहीये नीट." त्यांनी झाकण ठोकून बसवलं. "मला काय सांगतेस? जा, त्याला सांग. चप्पल घाल आधी!"

त्याच्या वर्कशॉपमध्ये यंत्राचा कर्कश आवाज चालू होता. ती दारात दिसताच त्याने यंत्र बंद केलं. अचानक इतकी शांतता झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"मी एकटी राहते," ती म्हणाली. दोन वर्षांत हे ती पहिल्यांदाच धडधडीत बोलत होती. "लग्न झालेलं नाही. तुम्ही विचारलंत, आणि... लाज वाटली. एकटं असल्याची लाज वाटली मला."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या भुवयांवरसुद्धा भुसा होता.

"महिनाभर मी त्या माणसाचा हेवा केला," तो हळूच म्हणाला. मग आवाज चढला. "राग केला! बायको रोज रिकाम्या घरी येते, आणि हा फिरतोय! झोपेतसुद्धा भांडलोय मी त्याच्याशी. आणि तुम्ही म्हणता, तो नाहीच?"

"चुकलं माझं."

"वरचे सगळे कप्पे मी माझ्या हाताच्या मापाने बसवलेत!"

"माहीत आहे. टाचा उंचावून पाहिलं. माझा हात पोचत नाही."

"मग उतरवावे लागतील."

"राहू द्या."

"पोचणार कसं तुम्हाला?"

"मला नाहीच पोचणार," ती म्हणाली, आणि पायाखालच्या भुशाकडे बघत राहिली. "तुम्हाला पोचेल."

त्याने हात झटकले, पुन्हा झटकले. चेहऱ्यावर राग होता, पण तो टिकवताना त्याला कष्ट पडत होते.

"मी चिडलोय," त्याने जाहीर केलं.

"दिसतंय."

"चांगलाच चिडलोय. आज तुम्ही जेवायला बोलावलंत, तरी येणार नाही."

"मी कुठे बोलावलंय?"

"मग बोलवा की!"

तिला हसू आलं आणि त्यासरशी डोळेही भरून आले. आई गेल्यापासून त्या घरात कुणी जेवायला आलं नव्हतं. तिने कुणाला बोलावलंही नव्हतं.

"या ना जेवायला," ती म्हणाली. आवाज फारच बारीक निघाला, म्हणून तिने पुन्हा, मोठ्याने म्हटलं.