कप्तानाच्या खोलीची खिट्टी

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," मामा पायरीवर दाटीने बसलेल्या भाच्यांना म्हणाला. दिवे गेले होते. "माझ्या साडूच्या अंगावर गुदरलेलं आहे. साडू सुतार. थापा मारायच्या तर डोकं लागतं, ते त्याला नाही."

गेल्या चौदा नोव्हेंबरची, शुक्रवारची रात्र. सुतार एका खिट्टीच्या कामाला गेला होता. घर नौदलातल्या म्हाताऱ्या कप्तानाचं. जन्म बोटीवर गेला, त्यातलं दीड वर्ष शत्रूच्या कोठडीत. बुडती माणसं मागून कॉलरला धरून ओढून काढली, त्याची दोन पदकं तळघरातल्या खोलीत टांगलेली. कैदेतून सुटून आल्यावर घरातली एकूण एक कडी त्याने या सुताराच्या बापाकडून उपटून घेतली होती.

"कोठडीत बोलायला बंदी," कप्तान सुताराला सांगायचा. "शेजारचा भिंतीवर तीनदा ठोकायचा. आपण दोनदा. म्हणजे जिवंत आहे. उत्तर नाही आलं, की आम्ही दारं बडवायचो."

कप्तान वारला आणि सुनेला खोलीत अडगळ कोंबायची घाई झाली.

"आपोआप पडणारी बसव. बाहेरून."

"वहिनी, साहेबांना कडी चालत नव्हती..."

"साहेब गेले. आणि सरस वितळवायला ही कोळशाची शेगडी कशाला? सरस डब्यात मिळतो की आता!"

"डब्यातला सरस म्हणजे शेंबूड. लाकूड धरत नाही."

सून नाक मुरडून माहेरी निघून गेली. घर रिकामं. सुताराने खिट्टी बसवली. चौकट आतून तडकली होती, म्हणून शेगडी घेऊन तो आत गेला. हत्यारं बाहेरच राहिली. वाऱ्याने दार लागलं.

खट्.

आधी त्याला हसूच आलं. मग खांदा लावला. दार हललं नाही. जन्मात एवढी चोख खिट्टी त्याने बसवली नव्हती. झरोका तळहाताएवढा. हाका मारल्या. ऐकायला होतं कोण? डोकं जड झालं, तेव्हा कुठे पेटती शेगडी आठवली; कोंडल्या खोलीत कोळसा माणूस मारतो. सरसाच्या भांड्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. धूर दुप्पट झाला. तो भिंतीला टेकून खाली बसला. घरी बायको, कडेवरची पोर... आणि हा आपल्याच कामात कोंडलेला.

तेवढ्यात भिंतीवर ठोकलं कुणीतरी.

तीनदा.

त्या भिंतीपलीकडे माती होती. नुसती माती.

त्याने बोटाने दोनदा ठोकलं.

शांत...

पुन्हा तीनदा. आता जवळून. त्याने एकदा ठोकलं. दुसऱ्यांदा हात उचलेना.

पुन्हा तीनदा...

हा गप्प.

मग कुणीतरी दार बडवायला लागलं. बाहेरून. मुठींनी. अनेक मुठींनी...

मामा थांबला.

"मग?" थोरल्या भाचीने विचारलं.

"उजाडलं तेव्हा तो अंगणात पडलेला. जिवंत. तळघराचं दार बंद. खिट्टी पडलेली, त्याने बसवली तशी. अंगातला शर्ट कोरडा ठणठणीत. फक्त मागून कॉलर ओलीचिंब, पिळवटलेली."

"दहिवर पडलं असेल, मामा."

"असेल. माझ्या मेहुणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो शर्ट उन्हात टाकला. समुद्र तिथून गाडीने रात्रभराच्या अंतरावर, बरं का. कॉलर वाळली, तर तिच्यावर पांढरं मीठ धरलं होतं."