सातवी बॅग

बॅगेच्या चेनने तिचा स्कार्फ गिळला, तोही भर रस्त्यात, आणि असा गिळला की मान वर करायची सोय राहिली नाही. हनुवटी बॅगेला टेकलेली, एक डोळा पुढे, एक डोळा फुटपाथवर... अशा अवतारात ती समोर दिसलं त्या दुकानात शिरली. दुकान निघालं बॅगा दुरुस्त करणाऱ्याचं. याला नशीब म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा.

दुकानदार मशीनवरून उठला, चिमटा घेतला आणि चेनचे दाते एकेक करून सैल करायला लागला. तेवढा वेळ त्याचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याच्या शर्टाला मेणाचा आणि मशीनच्या तेलाचा मंद वास होता. स्कार्फ कधी सुटला, तिला कळलंच नाही. ती आपली तशीच वाकलेली.

“सुटला,” तो म्हणाला. “आता मान वर केली तरी चालेल.”

झाली ना फजिती! ती लपवायला काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, बॅग कशी वाटते? त्याने बॅग उलटी केली, खांद्याचा बंद दोन्ही हातांनी ओढला आणि म्हणाला, “तीन महिने. मग इथून उसवणार.”

दुसरी कुणी असती तर तोंड पाडून बसली असती. आमच्या बाईसाहेबांचा चेहरा मात्र उजळला. कारण नेमकी हीच तक्रार तिने एक्केचाळीस बायकांच्या तोंडून ऐकली होती. म्हणजे वाचली होती.

गोष्ट अशी की, ती चांगली नोकरी सोडून ऑनलाइन बाजारात एक वस्तू विकायला निघाली होती. एकच, पण अशी की घेणारीने पुन्हा नाव काढावं. लोक महिनाभरात काय शोधतात, किती शोधतात, मिळतं त्यात काय खुपतं, हे सगळं चार महिने खोदून ती ऑफिसला जाणाऱ्या बायकांच्या बॅगेपाशी येऊन थांबली होती. रिव्ह्यू तर तिने हजारांनी वाचले होते. त्यातही तिचा जीव तीन चांदण्या देणाऱ्यांवर. पाचवाले कौतुकाने आंधळे, एकवाले कुरियर उशिरा आलं म्हणून चिडलेले. खरं बोलतो तो तीनवाला. आता ती कारखान्यांकडून नमुने मागवून पारखत होती; स्कार्फ गिळणारी ही बॅग त्यातलीच पहिली.

या कामाचा एक नियम आहे, तो तिने त्याला तिथेच उभ्या उभ्या सांगितला. वस्तू चालेल का, हे आपल्या माणसांना कधी विचारू नये. आई म्हणणार छानच आहे, वहिनी म्हणणार मला दोन दे. आपली माणसं खोटं बोलतात, आणि तेही प्रेमाने. मत घ्यावं ते परक्याचं.

“तुम्ही परके आहात ना?” तिने विचारलं.

त्याने थोडा विचार केला. “आत्तापर्यंत तरी.”

मग काय, दर गुरुवारी दुपारी ती नवा नमुना घेऊन हजर. दुसऱ्या बॅगेचं अस्तर त्याने नखानेच फाडून दाखवलं. तिसरीत डबा आडवा होत होता. चौथीत किल्ल्या तळाशी बुडत होत्या आणि त्या शोधता शोधता त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा दोघं इतकी हसली की शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला. पाचव्या गुरुवारी दुकानात एक नवं स्टूल आलं होतं. कुणासाठी, ते त्याने सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. ती त्यावर बसून बायकांच्या तक्रारी वाचून दाखवायची, तो मशीन चालवायचा. मध्येच मशीन थांबायचं... ती वर बघायची, तर मशीन पुन्हा सुरू. दुकानाच्या काचेतून तिरकं ऊन आत यायचं, त्यात धाग्यांचे बारीक तंतू तरंगायचे, आणि आपण इथे कामाला आलोय हे तिला आठवून आठवून आठवावं लागायचं.

सहावी बॅगही नापास झाली, तेव्हा तिने दादाचं सांगितलं. दादाने तिच्यासाठी दुसऱ्या शहरात नोकरी बघून ठेवली होती. पुढच्या शनिवारपर्यंत बॅग ठरली आणि कारखान्याला दोनशेची ऑर्डर गेली तर ठीक, नाहीतर सोमवारी तिकडे रुजू व्हायचं. तसा शब्दच दिला होता तिने.

“लांब आहे का?” त्याने विचारलं.

“रात्रभराचा प्रवास.”

त्याने बोटात सुई टोचून घेतली.

पुढच्या गुरुवारी सातवी बॅग. त्याने ती उघडली, अस्तरावरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थबकला... आणि पुढे गेला.

“छान आहे,” तो म्हणाला. “घ्या ही.”

ती घरी गेली ती तरंगतच. पण खोड ती खोड. तिने बॅगेत पुस्तकं, भरलेली बाटली, डबा कोंबला आणि ती दाराच्या खुंटीला टांगून ठेवली. शुक्रवारी दुपारी टर्रकन आवाज आला आणि सगळं जमिनीवर. शिवण उसवली होती. अगदी तिथेच, जिथे त्याचा अंगठा थबकला होता.

ती तशीच दुकानात गेली. स्टुलावर न बसता बॅग त्याच्यापुढे ठेवली.

“दिसला होता ना हा कच्चा टाका?”

“दिसला होता.”

“मग छान का म्हणालात? उद्या दोनशे बायकांच्या बॅगा रस्त्यात फाटल्या असत्या!”

“मी दोनशेच्या दोनशे शिवून दिल्या असत्या,” तो खाली बघत म्हणाला. “रोज बसून. पण ही नापास म्हटली असती, तर तू... तुम्ही सोमवारी गेला असतात.”

तिला खूप राग आला होता. चार महिन्यांचं काम या माणसाने एका शब्दात बुडवलं असतं. आणि त्याच वेळी दोनशे बॅगांच्या ढिगाआड, मान खाली घालून टाके घालणारा तो तिला डोळ्यांसमोर दिसायला लागला, तेव्हा राग कुठे धरून ठेवावा तेच कळेना. किती वेडा असावा माणसाने...

“यापुढे तुमचं मत मी धरणार नाही,” ती म्हणाली.

“कळलं. चुकलंच माझं.”

“काही कळलेलं नाही. परक्याचं मत धरतात, हे सांगितलं होतं मी. तू परका राहिलास का?”

त्याने मान वर केली. आणि हसला, हळूच, अजून खात्री नसल्यासारखा.

मग तिने स्टूल ओढलं आणि सरळ कामाचं बोलली. बॅग तो शिवेल. आधी दहाच शिवायच्या, ऑनलाइन टाकायच्या. ओळखीच्या कुणाला सांगायचं नाही. दहा अनोळखी बायकांनी घेतल्या आणि वापरून बऱ्या म्हटल्या, तरच तो नमुना कारखान्याला द्यायचा. तो फक्त मान डोलवत होता. तिने ढग शिवायला सांगितले असते तरी डोलवली असती.

तिने दादाला फोन लावला. तिकडे नाही म्हणून कळव, म्हणाली.

“म्हणजे ऑर्डर दिलीस?”

“नाही. सातवीही उसवली.”

“मग कशाच्या जोरावर नाही म्हणतेस?”

“आठवी आम्हीच शिवतोय.”



“आम्ही?” दादा म्हणाला. “आम्ही म्हणजे कोण गं?”

शब्द तोंडून निसटून गेला होता, आणि तिला तो परत घ्यावासा वाटत नव्हता. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने घाईघाईने हात शर्टाला पुसले आणि फोन घेतला.

“नमस्कार, दादा,” तो म्हणाला.