पंचनाम्यातल्या हिरव्या काचा

"जमादार, चला लवकर! आप्पाचं डोकं फोडलंय कुणीतरी!"

दुपारचे पावणेतीन. उत्तरेश्वर जमादार चौकीतल्या खुर्चीत पेंगत होते. समोर संगमेश्वर धापा टाकत उभा होता. जमादारांनी टोपी डोक्यावर चढवली आणि निघाले.

निंबढोक हे घाटनांदूर स्टेशनापासून दोन कोसांवरचं गाव. बाजारपेठ म्हणाल तर वीस दुकानं. त्यात मन्मथआप्पांचं किराणा दुकान सगळ्यांत जुनं. आप्पांना पोरबाळ नव्हतं. थोरल्या भावाचा पोरका मुलगा संगमेश्वर त्यांनीच वाढवला, शिकवला, लग्न लावून दिलं. मागच्याच आठवड्यात त्याला रेल्वेत सहायक ड्रायव्हर म्हणून नेमणुकीचा कागद आला होता. गावभर पेढे वाटले होते. जमादारांनीही दोन खाल्ले होते. आप्पांनी मात्र दातदुखी सांगून पेढ्याला हात लावला नव्हता.

आता तेच आप्पा दुकानामागच्या गोदामात पोत्यांवर पालथे पडले होते. शेजारी पाच किलोचं लोखंडी वजन, रक्तानं माखलेलं. गोदामाला खिडकी नाही, वर एक झरोका तेवढा.

"कुणी पाहिलं आधी?"

"मीच. दुकान उघडायला उठवावं म्हणून आलतो."

"तवर कुठं व्हतास?"

"घरात. टीव्हीवर मॅच बघत व्हतो. वेस्ट इंडीज आन् आफ्रिका. काय मजा न्हाई आली, काका. नवा रंगीत टीव्ही घेऊन काय उपयोग? दोघांचे कपडे सारखेच. बॅटवाला कोण आन् फिल्डिंगवाला कोण, काय समजंना."

"व्हय, मीबी सकाळी हॉटेलात बघितली. डोकं उठलं. मधी बाहेर गेलतास?"

"दीड वाजता पान खायला. धा मिनटं. बायको, वर्षा, झोपलेली व्हती." मग संगमेश्वरनं खाली बोट दाखवलं. "हे बघा, काका. हिरव्या काचा. बाईच्या बांगड्या फुटल्यात हितं."

जमादार वाकले. आप्पांच्या हाताजवळ काचेचे पाच-सहा तुकडे होते. त्यांनी ते कागदात गुंडाळले आणि लिहिलं, 'हिरव्या रंगाच्या बांगड्यांचे तुकडे.' कुठल्याही वस्तूचं वर्णन आधी दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि मगच लिहायचं, ही त्यांची सत्तावीस वर्षांची सवय. वरिष्ठ त्याला सावधपणा म्हणत.

पंच म्हणून हॉटेलवाला आणि न्हावी आले. मढं बघून दोघांची पाचावर धारण बसली. उंबऱ्याच्या आत पाय न ठेवता त्यांनी सह्या ठोकल्या. पंचनामा असाच होतो हो, सगळीकडे असाच होतो.

"दुपारी हितं कोण येतं?"

"कडूबाई. भांडी घासायला, दोन वाजता." संगमेश्वरनं आवाज खाली आणला. "सकाळीच आप्पा तिला लई बोलले. पदराखाली शेंगदाणे नेत व्हती म्हणून."

कडूबाईला तिच्या झोपडीतून आणलं. तिचा नवरा बंकट ऊसतोडीला गेलेला. दोन्ही लेकरं बापासंगट. हातात हिरवा चुडा. डाव्या हातात सहा, उजव्या हातात चार.

"उजव्या हातातल्या दोन कुठं गेल्या?"

"वाढल्या, साहेब. सकाळी भांडी घासताना. परात लागली."

"कुणी बघितलं?"

"मालक व्हते की तिथंच, संगूमालक. म्हणले, काचा नीट उचल, पायात जातील."

"दुपारी आप्पाला बघितलंस?"

"न्हाई. मी अंगणातच भांडी घासली आन् गेले. गोदामात मी पायबी ठेवला न्हाई, लेकरांची आन."

जमादारांनी कागदाची पुडी उघडून तिच्यापुढं धरली. "मग ह्या कुणाच्या?"

कडूबाईनं पाहिलं. तिच्या तोंडावर एकदम हुशारी आली. "ह्या माझ्या न्हाईत, साहेब! माझा रंगच न्हाई हा. नीट बघा की!"

जमादारांनी नीट पाहिलं. एकदा पुडीकडे, एकदा तिच्या हाताकडे. डोळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलते ही बाई! त्यांचा पारा चढला. त्यांनी तिच्या गालावर एक थापड ठेवून दिली आणि उरलेल्या दहाही बांगड्या नमुना म्हणून उतरवून घेतल्या. भरल्या कपाळाची बाई, ओकेबोके हात पदराखाली लपवून चौकीच्या कोपऱ्यात बसली. होमगार्डची एक बाई राखणीला दिली. फौजदार बंदोबस्तावर होते, ते चौथ्या दिवशी येऊन तिला बीडला नेणार होते. खुनाचा गुन्हा. एकदा बीडच्या तुरुंगात गेली की कडूबाईला कोण सोडवणार होतं? बंकटला तर बायको धरलीय हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

तीन दिवस ती एकच घोकत होती. "रंग बघा, साहेब. रंग बघा." जमादारांचे कान किटले.

फौजदार यायच्या आदल्या दिवशी जमादारांनी म्हटलं, काम पक्कं करून टाकावं. कासारीण चतुराबाई गावातल्या सगळ्या बायांना बांगड्या भरायची. 'तुकडे आणि चुडा एकाच मालातले' असा तिचा जबाब घेतला की झालं. दोन्ही पुड्या घेऊन ते तिच्या ओट्यावर गेले.

"ह्या दहा कुणाच्या?"

"कडूबाईच्या. मीच भरल्या संक्रांतीला."

"आन् हे तुकडे त्याच बांगड्यांचे. लिहू का तसं?"

चतुराबाईनं तुकडे तळहातावर घेतले आणि जमादारांच्या तोंडाकडे पाहिलं. "चेष्टा करता का काय, जमादार? ह्या हिरव्या आन् ह्या चॉकलेटी. शेंबडं पोरगंबी सांगंल."

ऊन लख्ख होतं. जमादारांनी दोन्ही काचा उन्हात धरल्या. डोळे चोळले. पुन्हा धरल्या.

सारख्याच. अगदी सारख्या.

त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हे गुपित त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. भरतीच्या वेळी डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं होतं. ठिपक्यांत आकडे असतात म्हणे. उत्तरेश्वरला नुसते ठिपकेच दिसत होते. पण आधी आत जाऊन आलेल्या मावसभावानं सगळे आकडे क्रमानं सांगून ठेवले होते, ते त्यानं पोपटासारखे म्हटले. तेव्हापासून सत्तावीस वर्षं उत्तरेश्वर रंग डोळ्यांनी पाहत नव्हता, दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

"जमादार, घाम कावून आला तुमाला?"

"चतुराबाई, ह्या चॉकलेटी तू कुणाकुणाला भरल्यास?"

"लई न्हाई खपल्या. मास्तरीणबाईला. आन् आप्पाच्या सुनंला, वर्षाराणीला. भावाच्या लग्नाला घेतल्या डझनभर."

जमादार चौकीत परतले. कोपऱ्यात कडूबाई भिंतीला टेकून बसली होती. त्यांच्याच्यानं तिच्याकडे बघवेना. त्यांनी सारी दुपार एकच प्रश्न चघळला. त्या काचांना सगळ्यांत आधी 'हिरव्या' कोण म्हणालं? आणि संध्याकाळी ते हॉटेलवाल्याकडे जाऊन सहज विचारल्यासारखं करून आले, "परवाच्या मॅचमधी कपड्यांचे रंग कुठले रे?"

दुसऱ्या दिवशी फौजदार मोहनराव आले. जमादारांनी त्यांना चौकीत बसूच दिलं नाही, थेट आप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर नेलं. संगमेश्वर, वर्षाराणी, चतुराबाई आणि कडूबाई, सगळ्यांना समोर उभं केलं. ऊन ओट्यावर आलं होतं.

"साहेब, ह्या बाईनं खून केला न्हाई," जमादार म्हणाले. "ह्या काचा तिच्या न्हाईत. बघा तुमीच."

मोहनरावांनी पुडी उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, ह्या तर चॉकलेटी आहेत! पंचनाम्यात हिरव्या लिहिलंय."

"व्हय. ज्यानं ह्या काचा तिथं टाकल्या त्याला कडूबाईवर आळ घ्यायचा व्हता. तिच्या दोन हिरव्या बांगड्या सकाळीच वाढल्या हे त्याला ठाऊक व्हतं. डोळं धड असतं तर त्यानं हिरव्या टाकल्या असत्या. गावात हिरव्या बांगड्यांचा काय दुष्काळ हाय का? त्यानं चॉकलेटी टाकल्या, कारण त्याला त्या हिरव्याच दिसल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला रंग कळत न्हाईत, साहेब. हिरवा, तांबडा, चॉकलेटी, सगळं एकच." जमादार वळले. "संगमेश्वर, त्या दिवशी मॅचमधी दोघांचे कपडे सारखे व्हते ना?"

"व्हय... म्हणजे..."

"एक संघ मरून, एक हिरवा. हॉटेलातली पोरं लांबून वळखत व्हती. तुलाच सारखे दिसले. आन् गोदामात बोट दाखवून 'हिरव्या काचा' कोण म्हणालं?"

संगमेश्वरचा चेहरा पडला. पण गडी पक्का होता. "गोदामात अंधार व्हता, काका! अंधारात कुणालाबी तसंच दिसंल. तुमीबी हिरव्याच लिहिलं की! मंग तुमालाबी रंग कळत न्हाई का?"

मोहनराव सावकाश म्हणाले, "बरोबर बोलतोय तो, जमादार. तुम्ही हिरव्या का लिहिलं?"

'अंधार होता' एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं की पेन्शन वाचत होती. पण जमादारांना अंधारात हिरव्या दिसू शकतात, तर संगमेश्वरलाही दिसू शकतात. मग तो सुटणार. आणि तो सुटला की पुन्हा ज्या बाईच्या गळ्यात हे मढं पडणार, ती ओट्याच्या कडेला उभी होती.

जमादारांनी कडूबाईच्या दहा बांगड्या आणि चतुराबाईकडच्या दहा चॉकलेटी एकत्र कालवल्या. "ह्यातल्या हिरव्या काढतो, साहेब. भर उन्हात. बघा."

त्यांनी एकेक करून दहा काढल्या. चतुराबाई तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "अगं बाई! ह्यातल्या सहा चॉकलेटी हायत."

"मलाबी कळत न्हाई, साहेब," जमादार म्हणाले. "जलमापासून. भरतीत आकडे पाठ करून आत आलो. संगमेश्वर 'हिरव्या' म्हणला म्हणून मी हिरव्या लिहिलं. अंधाराचा काय संबंध न्हाई. धड डोळ्याच्या माणसानं कडूबाईवर आळ घ्यायला चॉकलेटी काचा टाकल्याच नसत्या. ह्याचं न् माझं डोळं एकच हायत, म्हणून तर मला हा घावला. आता ह्यालाबी काढायला सांगा."

संगमेश्वर मागं सरकला. तेवढ्यात वर्षाराणी पुढं आली.

"माझ्या दोन चॉकलेटी त्या दिवसापासून गायब हायत. ह्यांना विचारलं, तर म्हणले, तुझ्याकडं कुठं चॉकलेटी व्हत्या, सगळ्या हिरव्याच तर हायत. मला वाटलं चेष्टा करत्यात." ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. "साहेब, ह्यांनी रेल्वेच्या डॉक्टरकडनं डोळ्याचा दाखला आणला, पैसे चारून. आप्पा रोज भांडायचे. म्हणायचे, लहानपणी पिकलं-कच्चं बोर तुला कळलं न्हाई, तू इंजिनात बसून तांबडा दिवा कसा वळखणार? हजार माणसं मारशील. तू कागद परत कर, न्हाईतर मीच रेल्वेला पत्र टाकतो."

"टाकणारच व्हता म्हातारा!" संगमेश्वर ओरडला. "पाकिटावर पत्ता लिहून बसलता गोदामात! जलमभर त्याच्या दुकानात पुड्या बांधू का मी? एवढी एकच नोकरी लागली व्हती मला!" फौजदारांबरोबर आलेल्या हवालदारांनी त्याचे दंड धरले. तो जमादारांच्या तोंडावर थुंकला. "तुमी लपवलं तर नोकरी, आन् मी लपवलं तर फाशी व्हय?"

जमादारांनी गाल पुसला. मी कुणाचं डोकं फोडलं नाही, असं ते म्हणणार होते. पण कडूबाईच्या गालाकडे नजर गेली आणि त्यांनी हवालदारांना गाडीकडे खूण केली.

संगमेश्वरला गाडीत घातलं. मोहनराव जमादारांना बाजूला घेऊन म्हणाले, "मला वर कळवावं लागेल. मी लिहिलं नाही तर त्याचा वकील लिहील. पेन्शनचं... बघू." त्या 'बघू'चा अर्थ सत्तावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सांगावा लागत नाही.

जमादारांनी बिल्ला काढून दिला. मग चतुराबाईकडून डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या, तिला दोनदा विचारून घेतलं, आणि कडूबाईपुढं धरल्या. "घे, माय. हात मोकळे ठेवू नको. माझी चूक झाली. मला दिसतच न्हाई गं, काय करू?"

कडूबाईनं बांगड्यांना हात लावला नाही.

"दिसत न्हाई त्याचा राग न्हाई, साहेब," ती म्हणाली. "देवानं तसं डोळं दिलं, तुमी काय करणार? पण आपल्याला दिसत न्हाई हे तुमाला ठावं व्हतं ना? मी चार दिवस वरडत व्हते, रंग बघा म्हणून. त्या संगूनं एकदा सांगितलं तर लिहून घेतलंत. मी सांगितलं तर थापड मारलीत."

ती ओट्यावरून उतरली आणि मोकळे हात तसेच हलवत, पदराखाली न घेता, बाजारपेठेतून घराकडे चालू लागली. जमादार बांगड्या घेऊन तिथंच उभे राहिले.